विकायला काढलेली गाडी

"अंगठ्या काढा! आधी अंगठ्या काढा म्हणतो ना! गाडी हे ती, म्हैस नाय थाप मारून बघायला!"

मुरलीशेठ आहिरे ओरडले आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. गंगापूर रोडवरच्या एका आतल्या गल्लीत आमचे बंगले शेजारी शेजारी. मध्ये कंपाउंडची भिंत आहे, पण मुरलीशेठच्या आवाजाला ती कधी कळली नाही. त्या दिवशी त्या आवाजाने समोरच्या झाडावरचा एक नारळ खाली पडला. तो मी स्वतः उचलून घरी नेला, म्हणजे पुरावाही होता. त्याची नंतर चटणी झाली, त्याला माझा इलाज नाही.

ज्याच्यावर ओरडणं चाललं होतं तो सुरतेचा व्यापारी दोन्ही हात वर धरून पोर्चमध्ये उभा होता. बोटं दहा, अंगठ्या त्याहून जास्त. त्या वर्षानुवर्षं निघालेल्या नव्हत्या. मग बेसिन, साबण, खोबरेल तेल आणि मुरलीशेठचं मार्गदर्शन. बोटं शेंगदाण्यासारखी सोलून निघाली तेव्हा कुठे त्याला बॉनेटला हात लावायची परवानगी मिळाली. त्यानंतर मुरलीशेठनी त्याला पोहे चारले, दुपारी जेवायला ठेवून घेतलं, उन्हं उतरल्यावर सोमेश्वरचा धबधबा दाखवून आणला. संध्याकाळी व्यापारी म्हणाला, "शेठ, सौदा पक्का समजू?"

मुरलीशेठनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरेरे! अधिक महिना लागला ना भाऊ. अधिकात घरातली वस्तू बाहेर नाय देत आमच्यात."

व्यापारी गेला. जाताना अंगठ्या बेसिनवर विसरला. त्या घ्यायला पुढच्या रविवारी परत आला, आणि परत जेवून गेला. मुरलीशेठ इतके खूश, की मला वाटलं अंगठ्या त्यांनीच टॉवेलखाली सरकवल्या असाव्यात.

आता गाडीबद्दल सांगतो. इटलीची. वय पन्नाशीच्या आसपास. हापूसच्या रंगाची, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी देवाला साष्टांग घालतात तसं जमिनीला जवळ करायचं. दारं बाजूला न उघडता आकाशाकडे उघडत. बारा सिलिंडरचं इंजिन पाठीमागे, आपल्या पाठीला लागून. गाडी सुरू झाली की आधी पाठीतल्या मणक्यांची मोजदाद व्हायची. त्या आवाजाने गंगापूर धरणातलं पाणी हलतं, असं मुरलीशेठ म्हणत. मी मुद्दाम धरणावर जाऊन पाहिलं. हलत होतं.

अशा गाड्या कंपनीने मोजक्याच काढल्या आणि मग कंपनीच थकली. जगातले शौकीन त्यातल्या एकेका गाडीचा पत्ता ठेवून असतात, आपण चुलत नातेवाइकांचाही ठेवत नाही असा. मुरलीशेठच्या गाडीचं इंजिन मूळचं, रंग मूळचा, आतलं कातडं मूळचं. एवढ्या तीन गोष्टी ऐकल्या की आलेल्या माणसाचा आवाज देवळात आल्यासारखा खाली यायचा.

ती मुरलीशेठकडे कशी आली, तर सुरगाण्याच्या घाटातून. पलीकडे गुजरातेत एका लहानशा संस्थानाच्या तबेल्यात ती पडून होती. मुरलीशेठ तेव्हा द्राक्षांच्या खोक्यांचा कारखाना चालवत. खोकी पोचवायला गेले, तबेल्यात डोकावले आणि हिशेबाच्या बदल्यात ही घेऊन निघाले. इंजिन तेव्हा बंद. मग एक प्रवासी जीप ठरवली आणि दोराने गाडी मागे बांधली. आता त्या भागातली जीप रिकामी धावली तर तिला पाप लागतं. ड्रायव्हरने वाटेत सवयीप्रमाणे माणसं घेतली. जीप भरली, टप भरला, तेव्हा उरलेली मागच्या गाडीत बसवली. नाशिकला पोचेपर्यंत त्या जगप्रसिद्ध आसनांवर एक म्हातारी, नागलीचं पोतं आणि दोन शेळ्या होत्या. यातली एक शेळी मी नंतर सांगता सांगता वाढवली आहे, पण म्हातारी खरी. तिने उतरताना मुरलीशेठला सांगितलं होतं, "गाडी बरी हे, पण लय खाली हे." इतकं अचूक परीक्षण पुढे एकाही शौकिनाने केलं नाही.

मी पाहिले ते मुरलीशेठ म्हणजे कारखाना विकून मोकळे झालेले, बायको वारलेली, आणि मुलगी वर्षा कॅनडात. गृहस्थ मूळचे सटाण्याकडचे. शहरात जन्म काढला तरी आनंद झाला किंवा संताप आला की तोंडात अहिराणी यायची. अंगात कडक इस्त्रीचा सफारी, खिशात दोन पेनं, त्यातलं एकही न चालणारं. वर्षाने त्यांना एकदा कॅनडात नेलं होतं. महिनाभरात परत आले. म्हणाले, "घरं चांगली हेत. पण तिकडं शेजारी शोधायला दुर्बीण लागते हो. खिडकीत बसलो तर एक माणूस दिसला, तोबी पळत होता. व्यायाम करत होता म्हणे. मी हात केला, तर आणखी जोरात पळाला."

परत आल्यावर त्यांनी गाडी विकायला काढली. जाहिरात दिली, मोबाइलवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं: प्रत्यक्ष पाहण्यास रविवारी यावे.

आणि लोक यायला लागले! मुंबईचे, पुण्याचे, बडोद्याचे. खरे गिऱ्हाईक, खोटे गिऱ्हाईक, नुसते फोटो काढणारे. एक तर आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन आला होता आणि "घेऊ की नको अजून ठरत नाही" असं सासऱ्यांच्या देखत सारखं म्हणत होता. त्याचं लग्न जमलं असं कानावर आलं. सोमवारपासून मुरलीशेठचा रविवार सुरू व्हायचा. मंदामावशी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. गुरुवारीच तिला विचारणा, "मावशे, पाव्हणे मुंबईचे हेत, तिखट झेपंल का?" शनिवारी गाडी पुसायची. रविवारी सकाळी फाटक सताड उघडं, स्वतः पायरीवर, आणि मला भिंतीवरून हाक, "चला इंजिनियर!"

मी इंजिनियर नाही. ओझरच्या विमान कारखान्यात मी नोकरी केली, पण आसनांच्या शिलाई खात्यात. मुरलीशेठ मात्र पाहुण्यांना सांगत, "हे आमचे शेजारी. विमानं बनवायचे." मी मान हलवायचो. पाहुणे इंजिनाबद्दल काही विचारू लागले की मी डोळे मिटून म्हणायचो, "इंजिन राहू द्या, आधी शिवण बघा." यावर लोक इतके गंभीर होत की मला स्वतःबद्दल आदर वाटायचा.

संध्याकाळ झाली, पाहुणा पैशाला तयार झाला, की कॅलेंडर. मुरलीशेठ देवधर्माचे फार होते असं नाही; देव्हाऱ्यातल्या बत्तीचा बल्ब गेलेला होता. पण कॅलेंडरच्या मागच्या बाजूचं पंचांग त्यांच्याइतकं कुणी वाचलं नसेल. पितृपक्षात देणं नाही. पौषात नाही. अमावस्येला नाही, आदल्या दिवशी नाही, कारण ती लागते, दुसऱ्या दिवशी नाही, कारण ती सुटलेली नसते. कुणी शनिवारी रात्रीच येऊन राहिला तर शनिवारी लोखंड उंबऱ्याबाहेर जात नाही. एक पुण्याचा वकील पंचांग घेऊन भांडायला बसला. त्याला मुरलीशेठनी ग्रहण सांगितलं. "ग्रहण आपल्याकडे दिसणारच नाही," वकील म्हणाला. मुरलीशेठ म्हणाले, "तुम्हाला नाय दिसणार. गाडी इटलीची हे, तिला दिसतंय!"

चार वेळा फोन करून माणूस येतो, दिवसभर राहतो, आणि रिकामा जातो, आणि रागावत नाही. जाताना उलट म्हणतो, "शेठ, मुहूर्त लागला की आधी मला कळवा." मुरलीशेठ फाटकापर्यंत जाऊन हात हलवत राहत. पाहुण्याची गाडी वळून दिसेनाशी झाली तरी हात खाली यायला वेळ लागे.

गाडी चालवून कुठे नेणं फार कठीण, कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गतिरोधक आहे आणि तो सह्याद्रीची शाखा असावा. तरी एका नवरात्रात त्यांनी हट्टाने ती वणीला नेली, देवीच्या पायाशी. मी शेजारच्या आसनावर, गुडघे कानांना लावून. वणी गावात शिरताना गाडी एका गतिरोधकावर चढली आणि तिथेच बसली, तव्यावर डोसा बसतो तशी. पुढे होईना, मागे होईना. यात्रेकरू जमले. कुणीतरी "उचला रे!" म्हणालं, आणि बघता बघता लोकांनी आम्हा दोघांसकट गाडी उचलली आणि देवीचा जयजयकार करत पलीकडे नेऊन ठेवली. पुढे दर गतिरोधकाला तेच. मागून मागून तर गतिरोधक नसतानाही उचलायला लागले. मी भीतीने अर्धा झालो होतो. मुरलीशेठ काच खाली करून प्रत्येकाचं गाव विचारत होते. "तू कुठला रे? दिंडोरीचा? आणि तू? ये कधी रविवारी!" परत येताना नाशिकचे दिवे दिसल्यावर मुरलीशेठ एवढंच म्हणाले, "किती माणसं होती हो."

ते वाक्य मी तेव्हा गर्दीबद्दलची तक्रार समजलो.

कळलं ते दुबईच्या माणसामुळे. दुबईत बसलेल्या कुणा शौकिनाने मोबाइलवर निरोप धाडला, तो मुरलीशेठनी मलाही पाठवला: फोटो पाहिले, कागद पाहिले, म्हणाल त्याच्या दीडपट देतो, माझी माणसं येऊन गाडी उचलतील, मला पाहायची गरज नाही. मी धावत भिंतीवरून ओरडलो, "मुरलीशेठ, नशीब उघडलं!" मुरलीशेठ लालबुंद झाले होते.

"बघायला येणार नाय? म्हणजे काय? गाडी हे का साबणवडी? दीडपट देतो म्हणे! मना घरना उंबरा वलांडाना नही, आणि दीडपट देस?"

त्या माणसाला त्यांनी कायमचं बंद करून टाकलं. मोबाइलमधून माणूस कसा बंद करायचा हे ते खास माझ्याकडून शिकून गेले. मी भिंतीच्या या बाजूला बराच वेळ उभा राहिलो. तो रविवार नव्हता, कुठलासा आडवार होता. त्यांच्या घरातून टीव्हीचाही आवाज येत नव्हता.

मग आली आखाजी.

अक्षय्य तृतीयेला बागलाण-खानदेशाकडे आखाजी म्हणतात आणि तिकडे तिच्यापुढे दिवाळी फिकी. सासरच्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात. नवी घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवायचं, चुलीत पितरांच्या नावाने घास-तुपाची आगारी टाकायची, आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. तो जेवला की आपला गेलेला बाप जेवला, आणि उठताना तो मागेल त्याला नाही म्हणायचं नसतं. दरवर्षी मुरलीशेठचा एक चुलतभाऊ सटाण्याहून पितर व्हायला यायचा. त्या वर्षी वर्षासुद्धा येणार होती. विमानाचं तिकीट झालं होतं. मुरलीशेठनी आंब्याच्या फांदीला झोका टांगला, पस्तिशीच्या बाईसाठी. फांदी बळकट आहे का म्हणून आधी मला बसवून पाहिलं. आणि त्या धांदलीत एका गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा सवयीने बोलून गेले, "या ना, रविवारी या." कॅलेंडर पाहिलंच नाही. आखाजी नेमकी त्या रविवारी होती.

आदल्या दिवशी वर्षाचा फोन आला. मुलाची कसलीशी परीक्षा पुढे ढकलली होती. "बाबा, दिवाळीला नक्की." मागोमाग चुलतभावाचा. आखाजीला मुहूर्त बघावा लागत नाही म्हणून सगळ्या महाराष्ट्राने त्याच दिवशी लग्नं काढलेली. त्याला दोन मांडवांत उभं राहायचं होतं.

रविवारी सकाळी मंदामावशीने भिंतीपाशी येऊन मला सांगितलं, "शेठ काय बोलंनात. एवढं पुरण शिजलंय, पाटावर कोण बसंल?"

मी बसलो असतो. पण मी वयाने त्यांच्याहून लहान, आणि पितर लहान चालत नाही. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि त्यातून ते फोनवरचं गिऱ्हाईक उतरलं, कोल्हापूरचे इनामदार. सत्तरी ओलांडलेले, उंच, पांढऱ्या झुपकेदार मिशा, हातात काठी. मुरलीशेठ पायरीवरून उठले आणि नुसतेच बघत राहिले. मग एवढ्या मोठ्याने ओरडले की इनामदारांची काठी पडली.

"दखा, दखा! मना बापनागतच दिखस हाऊ! मावशे, पाट मांड!"

आपण मुरलीशेठच्या बापासारखे दिसतो हे इनामदारांना काही कळलं नाही. ते गाडी बघायला आले होते. गाडीकडे जायच्या आत त्यांचे पाय धुतले गेले, कपाळाला गंध लागलं, आणि समोर खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी असं ताट आलं. मुरलीशेठ स्वतः वाढत होते. "घ्या बाप्पा, अजून एक घ्या." इनामदार चांगलं जेवणारे निघाले. मी तिथेच बसून होतो. कितीतरी दिवसांत मुरलीशेठना असं हलक्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. ते इनामदारांना गावाकडचं सांगत होते, विहीर, बैल, बापाने एकदा दिलेला मार. जणू बापालाच आठवण करून देत होते.

जेवण झालं. इनामदारांनी हात धुतले. मुरलीशेठ रीतीप्रमाणे समोर हात जोडून उभे राहिले आणि पितराला विचारतात ते विचारलं, "तृप्त झालात? काही राहिलं का?"

इनामदारांनी मिशा पुसल्या आणि दिलखुलास हसले. "भरून पावलो बघा. आता राहिली ती फक्त गाडी."

मंदामावशी स्वयंपाकघराच्या दारात थिजली. मी कॅलेंडरकडे पाहिलं. मुरलीशेठनीही पाहिलं. आखाजी. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, ना अमावस्या आडवी येणार, ना ग्रहण. आणि समोर पाटावर बाप.

"शेठ, चेष्टेने म्हणताहेत ते," मी म्हणालो. "त्यांना तुमच्याकडची रीत माहीत नाही."

"मला माहीत हे ना," मुरलीशेठ म्हणाले.

इनामदार फसवणारा माणूस नव्हता. नंतर रीत कळली तेव्हा ओशाळले, "नको, राहू दे" असंही म्हणाले. पण मुरलीशेठनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली होती आणि वर तुळशीपत्र. किमतीचं बोलणं झालं ते इनामदारांनीच केलं. मुरलीशेठ प्रत्येक आकड्याला "बरं" म्हणत होते.

दोन दिवसांनी बंद ट्रक आला. गाडी फळीवरून वर चढवत होते तेव्हा मुरलीशेठनी इनामदारांना विचारलं, "तिकडं तुमच्याकडं बघायला कोण कोण येतं?"

"छे हो, कोणाला सोडत नाही आम्ही. माझ्याकडे अशा आणखी आहेत. एसी खोलीत, कापडाखाली. माणसं आली की धूळ येते. अहो, अशा गाडीची किंमत न वापरण्यात आहे."

मुरलीशेठनी मान डोलावली. ट्रकचं दार लागलं. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर ट्रक हळू झाला, आणि मुरलीशेठ दोन पावलं पुढे धावल्यासारखे गेले. पण ट्रकला तो गतिरोधक कळलासुद्धा नाही.

वर्षा त्या रात्री फोनवर खूप आनंदली म्हणे. बरं झालं बाबा, एक व्याप गेला.

पुढचा रविवार आला. मुरलीशेठ इस्त्रीचा सफारी घालून पायरीवर होते, फाटक उघडं. मी न बोलावता गेलो. पोर्च एवढा मोठा होता हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मंदामावशीने आम्हा दोघांना चहा आणून दिला आणि तीही जरा वेळ तिथेच खांबाला टेकून उभी राहिली. रस्त्यावरून एक भाजीवाला गेला. मुरलीशेठनी त्याला त्याचं गाव विचारलं. त्याला घाई होती.

मी माझ्या परीने गमती सांगत होतो, शेळ्या पाचांवर नेल्या, तरी कुणाला हसू येईना. मग त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो लगबगीने कानाला लावला, आणि कितीतरी दिवसांनी तो नारळ पाडणारा आवाज गल्लीत घुमला.

"हॅलो! हो हो, मुरलीधर आहिरेच बोलतोय! गाडी? हे ना! कुठून बोलता? जळगाव? अरे वा! मग एकटे नका येऊ, घरच्यांना घेऊन या. पुढच्या रविवारी. सकाळीच या!"

फोन ठेवून त्यांनी सफारीची कॉलर नीट केली.

"मुरलीशेठ," मी म्हणालो, "गाडी तर गेली."

"आल्यावर सांगू," ते म्हणाले.